‘केमिकलमुक्त’ म्हणजे कशापासून मुक्त?

गुळाच्या ढेपेवर हल्ली ‘केमिकलमुक्त’ असा शिक्का सर्रास दिसतो. तो शब्दशः खरा मानायचा, तर आत गूळही नसायला हवा. गुळाचा मुख्य घटक सुक्रोज, म्हणजेच कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू जोडून झालेला रेणू. पांढऱ्या साखरेत नेमका हाच रेणू असतो. गुळात थोडी खनिजे जास्त असतात, हे कबूल. पण तेवढ्यावर मधुमेही माणसाने गूळ बिनघोर खावा असे होत नाही.

सजीवांतले पदार्थ वेगळ्याच कुळातले असतात, हा समज १८२८ मध्येच डळमळला. फ्रीडरिख व्होलर यांनी त्या वर्षी मूत्रातला युरिया प्रयोगशाळेत तयार केला. ज्वारीचेच पाहा. दाण्यात स्टार्च, कडब्यात सेल्युलोज आणि दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूने ओवलेले, सेल्युलोजमध्ये एकाआड एक उलटा. एवढ्याशा फरकाने भाकरी आपल्याला पचते, कडबा पचत नाही. बैलालाही तो स्वतःच्या बळावर पचत नाही. पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. एरंडाच्या बियांतले रायसिन हे तुरीच्या डाळीतल्या प्रथिनांप्रमाणेच अमिनो आम्लांचे बनलेले, संपूर्ण नैसर्गिक आणि जीवघेणे. तेव्हा पदार्थ निसर्गातून आला की कारखान्यातून, यावरून त्याचा गुण ठरत नाही. रेणूची रचना कशी आणि पोटात किती गेला, यावरून ठरतो.

यावर कोणी म्हणेल, ग्राहकाला रसायनशास्त्राचा तास नको आहे, त्याला भेसळ नको आहे. हा आक्षेप रास्त आहे. पिवळ्याधमक गुळाला भाव मिळतो म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकले जाते. त्याचे अवशेष गुळात राहू शकतात आणि ही काळजी खरीच आहे. पण मळी काढायला काहिलीत पडणारा चुनाही रसायनच, अन् भेंडीचा चिकट रसही. ‘केमिकलमुक्त’ हा शब्द या तिघांना एकाच पोत्यात भरतो आणि उत्पादकाला नेमके काहीच सांगावे लागत नाही. भोंगळ शब्द त्याच्या सोयीचा आहे, आपल्या नव्हे. ‘हायड्रॉस घातलेले नाही’ असे तो लिहील, तर ते तपासता येते. पुढच्या वेळी ढेप घेताना दुकानदाराला एवढेच विचारा: यात काय घातले आणि किती?