पोर्ट नंबर ५८७
पिंपळे गुरवला डायनासोर गार्डनच्या अलीकडे राहणारा आमचा एक मित्र भोसरीत दोन सीएनसी मशिनं चालवतो. चाकणच्या एका परचेसवाल्यानं त्याला सुनावलं, जीमेलवरून कोटेशन चालणार नाही, कंपनीच्या नावाचा मेल आयडी हवा. डोमेन घेतलं, आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसकट मी त्याच्या कॉम्प्युटरपुढे. थंडरबर्डमध्ये पत्ता, पासवर्ड टाकला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर थंडरबर्डनं आपणच हुडकला. मग प्रश्न आला, आयमॅप की पॉप? "पीओपी हॉलच्या छताला केलंय तेवढं पुरे," मित्र म्हणाला. विनोद राहू दे, आयमॅपची निवड बरोबर होती. पॉप टपाल उचलून घरी आणतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरची पेटी रिकामी करतं. आयमॅप ९९३ पोर्टवरून टपाल जागेवरच ठेवून दाखवतं, म्हणून मोबाइलवर वाचलेली ऑर्डर शॉपमधल्या कॉम्प्युटरवरही वाचलेलीच दिसते. मेल येऊ लागले, पण जाईनात. पाहतो तर पोर्ट २५. स्पॅमला आळा म्हणून बरेच इंटरनेटवाले ती वाट बंदच ठेवतात. ५८७ आणि सुरक्षित जोडणीसाठी स्टार्टटीएलएस केलं, तर पासवर्ड चुकल्याचा निरोप. अर्धा तास पासवर्डलाच शिव्या! चूक यूजरनेमची होती. नुसतं 'सेल्स' लिहिलेलं, त्या सर्व्हरला हवा होता डोमेनसकट अख्खा पत्ता. मग आउटबॉक्समध्ये अडकलेली तीन कोटेशनं एकदम सुटली. पहिलं पोचलं ते थेट समोरच्याच्या स्पॅममध्ये, कारण डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी एसपीएफची नोंद करायची राहिली होती. तोवर पोहे गार.