कोवळी मने कोणाची?

मुलांच्या पुस्तकांत द्वेषाची गोष्ट नको, असे सांगणारी शहाणी मंडळी जगात सगळीकडे आहेत. त्यांचे म्हणणे कानाला मोठे गोड लागते. मुलांची मने कोवळी, त्यांना ससा-कासवाच्या गोष्टी सांगाव्या. रंगावरून, जन्मावरून माणूस माणसाला कसा हिणवतो, हे विष त्यांच्या कानी कशाला घालावे? वाचकहो, या गोडव्याला भुलू नका. आमचा या मंडळींना एकच सवाल आहे. कोवळी मने म्हणता, ती कोणाच्या मुलांची? ज्याला हिणविले जाते त्याचे मन काय दगडाचे असते? जे सहा वर्षांच्या पोराला सोसावे लागते, ते सहा वर्षांच्या पोराने वाचावयाचे मात्र नाही, हा न्याय कोणत्या चावडीवरचा?

हवेत बोलावयास नको म्हणून अमेरिकेचा दाखला घेऊ. तेथे हा वाद शंभर वर्षे उघड्या मैदानात चालला आहे. अमेरिकेचे आम्हांस काय, असे कोणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, ते काळ्या लोकांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच. तेव्हा त्या घरचा कलह आपल्याला परका नाही.

न्यू ऑर्लिन्स शहरात १४ नोव्हेंबर १९६० रोजी रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. कोर्टाचा हुकूम होता म्हणून गेली. बरोबर सरकारचे चार शिपाई होते, कारण रस्त्यावर गोरी माणसे शिव्या देत उभी होती. एका बाईने तर लहानशा शवपेटीत काळी बाहुली घालून पोरीसमोर धरली. गोऱ्या आईबापांनी आपली मुले शाळेतून काढून नेली, आणि बार्बरा हेन्री नावाच्या एका गोऱ्या शिक्षिकेने वर्षभर त्या एकटीलाच शिकविले. रूबीच्या बापाची नोकरी गेली. तिचे आजीआजोबा मिसिसिपीत दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होते, त्यांनाही जमिनीवरून उठविले. वाट्याने जमीन कसणाऱ्याला यातील दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

हीच रूबी मोठी झाली आणि तिने आपली हकिकत मुलांसाठी सोप्या शब्दांत लिहिली. मग २०२१ साली टेनेसी राज्यातील विल्यमसन परगण्यात काही आईबापांनी तक्रार केली की, हे पुस्तक दुसरीच्या मुलांना फार कठोर आहे. त्यात रागावलेल्या गोऱ्या लोकांचा जमाव दाखविला आहे! अहो, जमाव पुस्तकाने जमविला काय? तो रस्त्यावर होता, आणि ज्या मुलीने तो पाहिला ती या दुसरीच्या पोरांपेक्षाही लहान होती. तिने तो डोळ्यांनी पाहावा, आणि यांच्या पोरांनी तो कागदावरही पाहू नये! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क गावाजवळच्या एका शाळामंडळाने पुस्तकांची एक लांबच लांब यादीच वर्गात बंद केली होती. तीत रोझा पार्क्सची लहान मुलांसाठी सांगितलेली गोष्टसुद्धा होती. रोझा पार्क्स म्हणजे १९५५ साली बसमधील आपली जागा गोऱ्यासाठी सोडावयास नकार देणारी बाई. तेव्हा ज्यांच्या कोवळ्या मनांसाठी म्हणून ही बंदी, तीच शाळेतील पोरे दारात फलक घेऊन उभी राहिली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाला बंदी मागे घ्यावी लागली. मुलांची मने कोवळी असतील. ती पोचट नसतात.

आता दुसरा आक्षेप. असली पुस्तके द्वेष पेरतात, असे म्हणतात. तर ऐका. काळ्या लोकांचे पुढारी विल्यम ड्यू बॉइस यांच्या मासिकात काळ्यांवर होणाऱ्या अत्याचारांच्या, जमावाने माणसे फासावर लटकविल्याच्या बातम्या येत. बारा वर्षांच्या एका काळ्या मुलीने त्यांना पत्र लिहिले की, गोरे माझा जितका द्वेष करतात तितकाच, किंबहुना जास्त, मी त्यांचा करते. हे वाचून तो माणूस चरकला. बातमी तर दडवून ठेवता येत नाही. पण पोरगी द्वेषाने जळून जाते, तिला वाचवावयाचे कसे? याला त्यांनी काढलेले उत्तर म्हणजे मुलांचे मासिक. जानेवारी १९२० मध्ये 'द ब्राउनीज बुक' निघाले, आणि संपादनाचा मोठा भार जेसी फॉसेट या बाईंनी उचलला. त्यात गोष्टी होत्या, खेळ होते, शाळा पुरी केलेल्या काळ्या मुलामुलींचे फोटो होते, त्यांच्या थोर माणसांची चरित्रे होती. लँग्स्टन ह्यूज हा पुढे मोठा कवी झाला. त्याच्या आरंभीच्या कविता १९२१ साली येथेच छापल्या गेल्या. म्हणजे पाहा, ही पुस्तके निघाली ती द्वेष विझविण्यासाठी! द्वेष पेरते ती रस्त्यावरची शिवी. त्या शिवीला कसे तोंड द्यावे, हे पोराला कोणी सांगितले नाही तर पोर एकतर जळते, नाहीतर विझते. ते मासिक मात्र चोवीस अंक काढून डिसेंबर १९२१ मध्ये बंद पडले. विचार कमी पडला नाही. वर्गणीदार कमी पडले. हे आपणही ध्यानात ठेवावे.

पोर विझते म्हणजे काय होते, तेही मोजलेले आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे एकाच साच्याच्या बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. खेळावयास कोणती हवी, असे विचारता दर तिघांत दोघांनी गोरी उचलली. वाईट दिसते ती कोणती, असे विचारता निम्म्याहून अधिक मुलांनी काळीकडे बोट दाखविले. मग, तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. हे काम १९४७ साली छापले गेले, आणि १९५४ साली तेथील वरिष्ठ कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविताना क्लार्क यांच्या कामाचा दाखला दिला. या पोरांना द्वेषाचे पुस्तक कोणी वाचून दाखविले होते? कोणीही नाही. ज्या जगात त्यांच्या रंगाचे नाव फक्त शिवीत निघते, तेवढे जग त्यांना पुरले.

पुस्तकांनी तरी त्यांना दुसरे जग दाखविले होते काय? नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६५ साली हिशेबच मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तके त्यांनी धरली. ज्यांत एखादे तरी काळे माणूस होते अशी निघाली ३४९. शंभरांत सातसुद्धा नाहीत! म्हणजे शंभर पुस्तके चाळावी, तेव्हा कुठे सहा-सात पुस्तकांत आपल्यासारखे कोणी भेटावे. ज्या मुलाला पुस्तकात आपण कोठेच सापडत नाही, ते एवढेच शिकते की आपण सांगण्याजोगे नाही. हा धडा कोणी फळ्यावर लिहीत नाही. तरी तोच सर्वांत पक्का पाठ होतो.

मिल्ड्रेड टेलर या काळ्या लेखिकेने १९७६ साली मुलांसाठी 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी तिला तेथील मुलांच्या वाङ्मयाचे मोठे पदक मिळाले. ती १९३३ सालच्या मिसिसिपीतील, स्वतःची जमीन राखू पाहणाऱ्या एका काळ्या शेतकरी घराची गोष्ट आहे. त्यातला सहा वर्षांचा मुलगा शाळेत मिळालेले फाटके पुस्तक उघडतो. आत तक्ता असतो : पुस्तक कोणत्या साली कोणाला दिले, त्याची हालत कशी, मूल कोणत्या वर्णाचे. गोऱ्या मुलांनी वापरून वापरून पार चिंध्या झाल्यावर ते काळ्याच्या नावे लावलेले असते. पोर पुस्तक आपटते आणि त्यावर थयथया नाचते. त्याबद्दल मार खाते. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती त्या तक्त्यावर कोरा कागद डकवून टाकते. पण तिने कागद डकविला तो अपमानावर, सत्यावर नव्हे. छापील पुस्तकात नसलेला गुलामगिरीचा पाठ ती वर्गात उभी राहून शिकविते, आणि तिची नोकरी जाते. जग कसे आहे हे पोराने जाणणे वेगळे, आणि ते मुकाट्याने मान्य करणे वेगळे, एवढे त्या बाईला कळते. आम्हा मास्तर मंडळींनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

तर काय सगळी पुस्तके रडगाणीच असावी? मुळीच नाही. एझ्रा जॅक कीट्स हा पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू आईबापांचा मुलगा. ज्यूंच्या द्वेषापायी त्याला आपले नावसुद्धा बदलावे लागले होते. त्याने १९६२ साली 'द स्नोई डे' काढले. त्यात पीटर नावाचा काळा मुलगा पडलेल्या बर्फात दिवसभर खेळतो, बस्स! शिवी नाही, उपदेश नाही. पण पोर काळे, आणि गोष्ट त्याची. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० साली आपल्या सव्वाशे वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा सर्वांत जास्त वेळा, ४,८५,५८३ वेळा, लोकांनी घरी नेलेले पुस्तक हेच निघाले. आपले पोर खेळताना, हसताना, हट्ट करताना छापलेले दिसणे, हाही हक्कच आहे. लढ्याची गोष्ट पाहिजे, आणि खेळाचीही पाहिजे. एकाच पायावर कोणी चालत नाही.

तेव्हा आयाबायांनो, बंधूंनो, पोराने शाळेतून पुस्तक आणले की ते हातात घ्या. वाचता येत नसेल तर पोराकडून मोठ्याने वाचवून घ्या आणि तीनच गोष्टी विचारा. यात नांगर, ऐरण, चाक, माग चालविणाऱ्याच्या घरचे पोर आहे काय? असेल तर त्याला नाव आहे, की ते नुसते कोणाचे तरी ओझे उचलते आहे? आणि त्याला कोणी हिणविले तर गोष्ट कोणाच्या बाजूने उभी राहते? उत्तर मनासारखे आले नाही तर मास्तरांना विचारा, शाळा समितीत विचारा, गावच्या वाचनालयात विचारा. चांगले पुस्तक निघाले तर चार घरांनी मिळून विकत घ्या; वर्गणीदारांवाचून काय होते ते वर सांगितलेच आहे. आणि कोणी म्हणाला, असले मुलांना नको, त्यांची मने कोवळी असतात, तर त्याला शांतपणे एवढेच विचारा : कोणाची?