वीराने लग्न करू नये काय?

चित्रकथांतील एखादा वीर येत्या अंकांतून प्रेमात पडणार, किंवा त्याचे लग्न घाटत आहे, एवढी वार्ता प्रकाशकाने सोडण्याचा अवकाश, की वाचकांत दोन तट पडलेच म्हणून समजावे. हे तट अमेरिकेतच पडतात अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने हुबळी-धारवाडच्या कॉलेजांतील चार मुलांना चहाला एकत्र बसवून हा विषय काढून पाहावा. एक पक्ष म्हणतो, वीर संसाराला लागला की त्याच्यातील वीर संपला. दुसरा पक्ष, जणू वधूपित्याचे मुखत्यारपत्रच खिशात असावे अशा थाटात, वीराचे लग्न अमकीशीच झाले पाहिजे म्हणून हमरीतुमरीवर येतो. आणि देवळात आरती आटोपून प्रसाद घेत बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कानांवर हा वाद गेला, की ती एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होतात: पोरांच्या चित्रपुस्तकांत हे प्रेमाचे लचांड हवेच कशाला?

या तिघांपैकी लग्ने जुळवणाऱ्या पक्षाची मी फारशी चिंता करीत नाही; ही हौस सर्वत्र आहे आणि ती बहुधा वयाने बरी होते. परंतु पहिला पक्ष आणि आपली वडील मंडळी ही वरकरणी दोन ध्रुवांवर उभी असली, तरी दोघांचे गृहीत एकच आहे. प्रेम म्हणजे वीराच्या पराक्रमाला लागणारी कीड, असे दोघेही मानतात. हे गृहीत आपल्या परंपरेला धरून नाही, अनुभवाला धरून नाही, आणि प्रकाशकांच्या व्यापाराखेरीज त्याचा कोणाला उपयोगही नाही.

प्रथम वडील मंडळींना विचारतो. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीक्षेत्री 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केले. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे, हा प्रघात आपल्यांपैकी कित्येकांच्या घरांत आजही पाळला जातो. त्या ग्रंथात आहे तरी काय? एक राजकन्या कधी न पाहिलेल्या पुरुषावर त्याच्या गुणांच्या नुसत्या श्रवणाने अनुरक्त होते. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला मान्य नसते. ती एका ब्राह्मणाच्या हाती गुपचूप पत्र पाठवते. आणि तो वीर रथ घेऊन येतो, भर समारंभातून तिला घेऊन जातो, आडव्या आलेल्या भावी मेहुण्याला विद्रूप करून सोडतो. हाच मजकूर नावे बदलून एखाद्या रंगीत चित्रकथेत छापला, तर सभामंडपात केवढा गहजब उडेल! परंतु तो ओवीत आहे आणि सोवळ्यात वाचला जातो, म्हणून आपल्याला त्यातले प्रेम दिसत नाही. कार्तिकात तुळशीचे लग्न लावणारा, देवाच्या कल्याणोत्सवात अक्षता टाकणारा समाज, वीराच्या विवाहाची कथा मुलांना घातक म्हणून ओरडू लागला, तर त्याने आधी आपले पंचांग बदलावे.

यावर मारुतीचे नाव पुढे केले जाईल, हे मला ठाऊक आहे. मारुतीचे ब्रह्मचर्य वंद्यच आहे. पण ते ब्रह्मचर्य राबले कोणासाठी? समुद्र ओलांडताना त्याच्याजवळ एका पतीने पत्नीला ओळख पटावी म्हणून दिलेली मुद्रिका होती. लंका जळाली, सेतू बांधला गेला, तो सारा खटाटोप एका दांपत्याच्या पुनर्मीलनासाठी होता. प्रेमाला तुच्छ लेखणाऱ्यांना मारुतीची साक्ष काढता येणार नाही. उलटतपासणीत तो साक्षीदार त्यांच्यावरच फिरेल.

आणि आपल्याच मुलखाकडे पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्रैलोक्यात ज्याच्या धनुष्याला तोड नाही असा अर्जुन त्यात यतीच्या वेषात हिंडतो. बलराम त्या संन्याशाच्या पायांवर डोके ठेवतो. कृष्ण आतून सूत्रे हलवतो. आणि हे वैराग्य म्हणजे सुभद्रेसाठी घेतलेले सोंग आहे हे जाणणारा प्रेक्षक मनमुराद हसतो. या नाटकाने अर्जुनाचे तेज कमी झाले असे मराठी बोलणाऱ्या एकाही पिढीने म्हटलेले मला आढळत नाही. कारकळचे अनंत पै हे तर आपल्या कोकणी समाजातलेच. त्यांनी १९६७ पासून 'अमर चित्रकथा' मुलांच्या हाती दिली, तीत शकुंतला आहे, नल-दमयंती आहे, सावित्री आहे. ती वाचून बिघडलेली पिढी म्हणजे आज देवळाच्या कमिट्यांवर बसलेले आपणच.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. लग्नाने वीर संपतो, हा त्यांचा सिद्धांत. त्याला उत्तर वेताळाचे.

ली फॉक यांचा 'फँटम' १९३६ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रांतून अवतरला, आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केल्यावर तो आपल्याकडे 'वेताळ' या नावाने आला. हे नाव ज्याने दिले त्याचे मला कौतुक वाटते. लोलये, पैंगीण, आमोणे या गावांशी ज्यांचे नाते आहे त्यांना वेताळ म्हणजे कोण हे सांगावयास नको. रात्री गावाच्या सीमेवरून फिरणारा, चालून चालून वहाणा झिजवणारा, म्हणून भक्तांकडून वहाणांची भेट घेणारा तो राखणदार. जंगलातला तो बुरखाधारी, ज्याला लोक न मरणारे चालते भूत समजतात, त्याला याहून उचित नाव कोणते मिळते?

हा वेताळ अमर नाही, हेच त्याच्या कथेतील रहस्य. १५३६ पासून बापामागून मुलगा तो वेष चढवीत आला. आपण वाचतो तो एकविसावा. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे, तर हे वंशपरंपरेचे पद आहे, गोव्याच्या देवस्थानांतील महाजनकीसारखे. महाजन निपुत्रिक गेला तर त्याची शाखा खुंटते. मग वेताळाने लग्न करू नये म्हणणाऱ्याने कवटीवर हात ठेवून पुढची शपथ कोणी घ्यावी याचा वारस सुचवावा! ली फॉक यांनी डायनाला तब्बल ४१ वर्षे ताटकळत ठेवले खरे. परंतु १९७७ मध्ये लग्न लावले, मांत्रिक मँड्रेक पाहुणा म्हणून आला, १९७९ मध्ये जुळी मुले झाली, आणि संयुक्त राष्ट्रसंघातील नोकरी करणारी डायना गुहेत नुसती रांधत बसली नाही. पुढे १९९९ मध्ये निधन होईपर्यंत फॉक या संसारी वेताळाच्या कथा लिहीत राहिले. त्यांच्यामागेही तो चालूच आहे. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले, पण त्याचा दोष डायनाच्या मंगळसूत्राकडे कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पद चालवण्याची दुसरीही रीत आहे, आणि ती आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पर्तगाळी, काशी मठ, चित्रापूर, या आपल्या गुरुपीठांची परंपरा पुत्राने चालत नाही, शिष्यस्वीकाराने चालते. बॅटमॅन हा या दुसऱ्या रीतीचा वीर दिसतो. त्याने रॉबिन नावाने शिष्यामागून शिष्य केले. (मध्येच एक औरस पुत्रही उपटला, ते असो.) त्याने अविवाहित राहावे असे कोणी म्हटले, तर त्या म्हणण्याला निदान आधार आहे. परंतु संन्यासी दीक्षा घेतो, आणि दीक्षा घेतल्यावर वाङ्‌निश्चय करीत नाही. २०१७ मध्ये या गृहस्थाने कॅटवूमनला मागणी घातली. प्रकाशकांनी वर्षभर लग्नाचा गाजावाजा केला. आणि जुलै २०१८ च्या पन्नासाव्या अंकात नवरी पत्र लिहून निघून गेली, नवरदेव उभा राहिला. कारण काय, तर तो सुखी झाला तर जगाचा रक्षक राहणार नाही! आमच्याकडे रुक्मिणी पत्र लिहिते ते वीराला बोलावण्यासाठी. दुःख हीच ज्याच्या पराक्रमाची एकमेव शिदोरी, त्याला मी वीर न म्हणता रोगी म्हणेन.

पण याहून गंभीर प्रकरण स्पायडरमॅनचे. त्याचे मेरी जेनशी लग्न १९८७ मध्ये लागले. वीस वर्षे संसार झाला. पुढे लग्नामुळे नायक थोराड वाटू लागला, अशी प्रकाशकांची तक्रार झाली. आणि २००७ मध्ये कथा अशी रचली, की मरणोन्मुख काकूचे प्राण वाचवण्यासाठी या जोडप्याने सैतानाशी सौदा करून आपले लग्न त्याला देऊन टाकले. घटस्फोट नव्हे, ते लग्न कधी झालेच नव्हते असे झाले, त्याची आठवणसुद्धा पुसली गेली. हिंदू विवाह कायदा, १९५५, याच्या ११ व्या कलमाने विवाह मुळातूनच रद्द ठरतो तो तीन कारणांनी: पहिला जोडीदार हयात असणे, निषिद्ध नाते, किंवा सपिंडत्व. सैतानाची सोय हे चौथे कारण कोणत्याही विधिमंडळाने अद्याप घातलेले नाही.

याच्या शेजारी सावित्री ठेवून पाहावी. तिनेही मृत्यूशीच वाटाघाट केली. पण तिने यमाकडून वर काढून घेतले ते असे, की शंभर पुत्रांचा वर देऊन बसलेल्या यमाला सत्यवान परत दिल्यावाचून गत्यंतर उरू नये. करारातील एका शब्दावर प्रतिपक्षाला बांधून घालणारी अशी वकिली मी अन्यत्र पाहिली नाही. तिने विवाहाच्या बळावर प्राण मिळवला. याने प्राणासाठी विवाह विकला. काकूवरील माया मी हलकी लेखीत नाही. पण सप्तपदीचे सातवे पाऊल पडल्यावर ते मागे घेता येते, हे मुलांना शिकवणारी गोष्ट ती हीच, आणि वडील मंडळींचा राग नेमका तिच्यावर नाही!

हे सारे का होते? प्रकाशकाला वीर चिरतरुण हवा असतो, म्हणजे दर पिढीच्या मुलांना तोच माल नवा म्हणून विकता येतो. लग्नाची घोषणा केली की अंक खपतो, मोडले की पुन्हा खपतो. सुपरमॅनचे १९९६ मध्ये लागलेले लग्न २०११ च्या नव्या मांडणीत असेच नाहीसे झाले आणि काही वर्षांत परतही आले. आता वाचकांची चव पाहावी: त्याच स्पायडरमॅनच्या प्रकाशकांनी २०२४ मध्ये एक वेगळी मालिका काढली, तीत नायक आरंभापासून बायको आणि दोन मुले असलेला गृहस्थ आहे, आणि तिच्या पहिल्या अंकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढाव्या लागल्या. संसारी वीर वाचकांना नको असतो, या म्हणण्याचा निकाल वाचकांनीच लावला आहे.

वडील मंडळींचा एक आक्षेप मात्र मी बिनशर्त मान्य करतो. या पुस्तकांतून नायिकांची चित्रे कित्येकदा अशी काढलेली असतात, की चित्रकाराला ती माणूस वाटली असेल असे म्हणवत नाही. त्यावर बोलावे, कडक बोलावे, आणि मुलांसमोर बोलावे. पण त्यासाठी आधी पुस्तक उघडून पाहावे लागेल. देवळाच्या वाचनालयात 'रुक्मिणी स्वयंवरा'शेजारी वेताळाच्या लग्नाची गोष्ट ठेवावी अशी सूचना मी कमिटीपुढे लेखी मांडावयास तयार आहे. २००७ चा तो स्पायडरमॅनचा अंक तेथे कोणी आणून ठेवलाच, तर मीही तो काढून टाकू नका म्हणेन. मात्र त्याच्यावर एक संध्याकाळ मुलांशी वाद घालण्याची परवानगी मला द्यावी, आणि त्या कामाची फी मी घेणार नाही.