नकाशावरील अंतर आणि आकाशातील वाट

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर १२,३०० किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. परंतु २०१६ साली एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले, तेव्हा सुमारे १५,३०० किलोमीटरांचा पल्ला त्याने साडेचौदा तासांत गाठला. अटलांटिकची वाट याहून आखूड. तरीही तिला जवळजवळ दोन तास अधिक लागत. पॅसिफिकच्या वाटेवर पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा विमानाच्या पाठीशी होता, हेच त्यातले रहस्य. निसर्ग असा लांबची वाटही जवळ करतो. माणसाने लांबविलेल्या वाटेला मात्र असा वारा लाभत नाही.

पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. ३० एप्रिलला भारतानेही तसेच उत्तर दिले. ही बंदी पुढे महिन्यामागून महिना वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. २०१९ च्या अशाच बंदीत २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांची झळ बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश मिटताच हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, तोही याच न्यायाने.

हे शस्त्र एकट्या पाकिस्तानचे नव्हे. १९७१ साली 'गंगा' विमानाच्या अपहरणानंतर भारताने आपले आकाश बंद केले आणि कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेचा वळसा घ्यायला लावला. त्या वर्षी त्याचे मोल काय होते, हे इतिहास जाणतो. गोमंतकीयांनाही हा अनुभव नवा नाही. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीत पोर्तुगीज सत्तेने दाबोळीचा तळ उभारून गोव्याला विमानाने कराचीशी जोडले. हजारो गोमंतकीयांची पोटापाण्याची मुंबई शेजारी असूनही दूर गेली आणि कराची जवळ आली!

स्वतःच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे सार्वभौमत्व आहे, हे १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले आहे. तो अधिकार भारताने सोडावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. निरपराधांचे रक्त सांडल्यावर नित्याचा व्यवहार चालू ठेवा, असे कोण सांगेल? आमचा प्रश्न निराळा आहे. निर्णय राष्ट्राचा असेल, तर त्याचा भार तिकिटाच्या दरातून एकट्या प्रवाशाच्या माथी का पडावा? परदेशी शिकणारा विद्यार्थी, जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेला आमचा दर्यावर्दी, मुलाबाळांना भेटायला जाणारे वृद्ध मातापिता हे काही या तंट्यातील पक्षकार नव्हेत. प्रत्येक मुदतवाढीबरोबर तिच्या खर्चाचा हिशेब सरकारने संसदेपुढे ठेवावा आणि त्याचा न्याय्य वाटा स्वतः उचलावा. राष्ट्रासाठी वळसा घेण्यास जनता नेहमीच तयार असते. त्या वळशाची किंमत तिच्यापासून लपविली जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.