वायररोप नशिबानं तुटत नाही



गेल्या पावसाळ्यात गोदीत वायररोप तुटला. खाली आमच्या गँगमधला एक जण उभा होता. पुढचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमानं क्रेनपुढं नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. सगळे म्हणाले, त्याची वेळ भरली होती. मीही मान हलवली. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला, कविता लिहिणारा, मॅट्रिक पास मी. मान हलवली आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

रात्री झोप लागेना. त्या रोपच्या तारा कधीपासून उसवलेल्या. आमच्या बोटांत घुसायच्या. सगळ्यांना माहीत होतं. रोप बदलायला पैसा लागतो, नारळ स्वस्त पडतो. ‘नशीब’ या शब्दाचा धंदाच हा. जबाबदार असेल त्याला सोडवायचं आणि मेला त्याच्याच कपाळावर गुन्हा लिहायचा. मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून या जातीत आलास, हे सांगणारं शास्त्र आणि आमचा मुकादम एकच भाषा बोलतात.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला नुसतं तळ्याचं पाणी घेतलं नाही. आपल्याच माणसांना बजावलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. डिसेंबरच्या परिषदेत बायांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. बाहेरच्याशी लढाई आणि आतल्या जुन्याशी लढाई, दोन्ही एकदम. १९३५ ला येवल्यात घोषणा, १९५६ ला नागपुरात दीक्षा. मधे एकवीस वर्षांचा विचार. आम्ही मात्र एका दिवसात सगळं सुटलं असं धरून बसलो.

एकोणिसावी प्रतिज्ञा माणसाच्या उत्कर्षाला मारक असलेला जुना धर्म टाकायची आहे. एकविसावी नव्या जन्माची. नवा जन्म म्हणजे नवा फोटो नव्हे. आमच्या चाळीत मरीआई गेली, तिच्या खिळ्यावर बुद्ध आला. खिळा तोच, उदबत्ती तीच, नवसही तोच. परंपरा सांगते म्हणून मानू नका, तपासून घ्या म्हणणाऱ्यालाच आम्ही नवसाला पावायला लावलं! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं. आम्ही त्यांचीच भक्ती मांडली, वर त्यांच्या नावानं दुकान चालवणाऱ्या पुढाऱ्यांचीही.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगतो. बहीण म्हणाली, मातंग पोराशी लग्न करणार. घरात पहिला मी गप्प झालो. स्टेजवर जाती तोडणारा मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. शेवटी अंगठा उठवणारी आई म्हणाली, “लेका, तुझा बाबासाहेब पुस्तकातच ऱ्हातो व्हय?” मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच उठलो, त्या पोराला जाऊन भेटलो.

जुनं टाकायचं म्हणजे आईबापाची टिंगल करायची नाही. पणजीनं पटकीत मरीआईला हाक मारली, कारण तिच्या वस्तीत डॉक्टर पाय ठेवत नव्हता. तिच्याकडं दुसरं होतं काय? आपल्याकडं आहे. दवाखान्यात औषध का नाही, हे आपण विचारू शकतो. तरीही गंडा बांधून गप्प बसलो तर दोष पणजीचा नाही.

आम्ही अकरा जणांनी अर्ज दिला. रोप तपासा, तपासल्याची तारीख फळ्यावर लिहा. उत्तर नाही. परवा पुन्हा उसवलेला रोप लावला. खाली कुणीच उभं राहिलं नाही. मुकादम आईबहिणीवरून ओरडला. आम्ही हललो नाही. तासाभरानं दुसरा रोप आला.

नारळ कुणी फोडला नाही. त्या पाळीत कुणी मेलंही नाही.

दोस्तांनो, तुमच्या घरातला, कामावरला, डोक्यातला उसवलेला रोप कोणता? लिहून पाठवा. पुढचा अंक त्याचाच.

जय भीम.