मुंबई हाय: तेल सापडल्याचा इतिहास आणि ते वाहते ठेवल्याचा इतिहास

१/ फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. मुंबई हायची कथा आपण बहुधा इथेच संपवतो. माझ्या मते तिचा महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे.

२/ भूगर्भात तेल उष्ण आणि प्रचंड दाबाखाली असते. वर येताना दाब व तापमान उतरतात आणि त्यात विरघळलेले काही पदार्थ घनरूपाने वेगळे होऊन नळीत साचू लागतात. वेळीच आवरले नाही, तर भरल्या साठ्यावरची विहीरही बंद पडते.

३/ या पदार्थांपैकी एक म्हणजे मेण. मुंबई हायचे तेल हलके, पण मेणयुक्त. साधारण ३० अंश सेल्सिअसलाच ते गोठू लागते. अशा तेलासाठी नळवाहिनीत खरवडणारे ‘पिग’ सोडतात, गोठणबिंदू उतरवणारी रसायने मिसळतात.

४/ दुसरा पदार्थ अधिक हट्टी: अ‍ॅस्फाल्टीन. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३७ मध्ये दिले. मेण उष्णतेने वितळते; हा वितळत नाही. टोल्यूइनमध्ये विरघळतो, हेप्टेनमध्ये नाही. हीच त्याची व्याख्या.

५/ गंमत अशी की, अ‍ॅस्फाल्टीन भरपूर असलेले जड तेल पुष्कळदा निर्धोक ठरते, कारण ते त्याला विरघळलेले ठेवू शकते. त्याचा अंश अत्यल्प असलेले हलके, वायुयुक्त तेल मात्र दाब उतरताच त्याला सोडून देते. म्हणून केवळ प्रमाण मोजून धोका कळत नाही.

६/ मग भाकीत कसे करतात? विहिरीच्या तळाचे तेल मूळ दाबासह कुपीत बंद करून प्रयोगशाळेत आणतात. दाब हळूहळू उतरवत त्यातून अवरक्त प्रकाश सोडतात. प्रकाश ज्या दाबाला एकाएकी मंदावतो, तिथे कण सुटू लागले असे समजते.

७/ तो आकडा हाती आला की प्रतिबंध शक्य होतो: तळाचा दाब त्याच्या वर राखणे, किंवा कण सुटण्याच्या जागेच्या खालूनच बारीक नळीने प्रतिबंधक रसायन सोडणे. नंतर झायलीनने धुणे हा महागडा उपाय. त्यासाठी बहुधा उत्पादन थांबवावे लागते.

८/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. हा नमुना सुरुवातीलाच घ्यावा लागतो. साठ्याचा दाब एकदा ढळला की मूळ स्थितीतले तेल पुन्हा मिळत नाही. अस्सल कागद नष्ट झाल्यावर नकलांवरून तर्क करावा, तशी गत होते.

९/ मुंबई हायच्या स्मृतीचेही तसेच आहे. शोधाला ५० वर्षे उलटली. पहिल्या पिढीतले अभियंते, रसायनतज्ज्ञ, फलाटांवरचे तंत्रज्ञ केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या नोंदवह्या आणि आठवणी हा आपला तळाचा नमुना आहे.

१०/ ‘हा तांत्रिक तपशील, इतिहास नव्हे’ असे कोणी म्हणेल. पण धरणाचा इतिहास भूमिपूजनाबरोबर संपतो काय? नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीला मुंबईहून नळवाहिनीने इंधन येते. आपले दैनंदिन जीवन अशा अखंड वाहण्यावरच उभे आहे.

११/ म्हणून विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी उरण-पनवेलच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती मराठीतून ध्वनिमुद्रित कराव्यात. जुन्या, आता गोपनीय नसलेल्या नोंदी अभिलेखागारांनी मागून घ्याव्यात. हे काम आजच हाती घ्यायला हवे, कारण हा नमुनाही दुसऱ्यांदा घेता येणार नाही.