सशांची सोयरीक घाईने जमत नाही

एकटा ससा कंटाळेल म्हणून दुसरा आणायचा आणि थेट पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडायचा, ही हौस अनेकदा रक्ताळलेल्या कानांवर संपते. दोष सशांचा नसतो.

पाळीव ससा हा युरोपातील रानसशाचा वंशज. हे रानससे बिळांच्या वसाहतीत गटाने राहतात. त्यांच्यात उतरंड असते आणि हद्दही. ब्रिटिश निसर्गअभ्यासक रोनाल्ड लॉकली यांनी 1964 साली पुस्तकातून हे समाजजीवन मांडले. रिचर्ड ॲडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीला त्याचाच आधार होता. सशाला सोबत हवीच, पण हद्दीत घुसखोर नको.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दोघांची नसबंदी. नर त्यानंतरही काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो. मग शेजारी पिंजरे, अंथरुणांची अदलाबदल. पहिली भेट दोघांनाही अनोळखी असलेल्या जागेत. एकाने दुसऱ्यावर चढणे, थोडा पाठलाग, उपटलेले चार केस यांतून वरचष्मा ठरतो. लगेच मध्ये पडू नये. मात्र कान मागे टाकून, शेपटी ताठ करून दोघे एकमेकांभोवती गरगरू लागले, की जाड हातमोजे घालून त्यांना वेगळे करावे. एकाने डोके खाली घातले आणि दुसऱ्याने ते चाटले, तर मैत्री जमू लागली.

यात आठवडे, कधी महिने जातात.

विक्रेत्यांनी हे ससा विकतानाच सांगायला हवे. आणि ज्यांना एवढी सवड नाही, त्यांनी आधीच जुळलेली, नसबंदी झालेली जोडीच दत्तक घ्यावी.